तयार प्रकल्प नको, न वाजलेला फिल्टर चालेल!



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की तयार प्रकल्पांची खरेदी सुरू होते. मूल माहिती पाठ करून बोलतं, बक्षीसही मिळतं. पण त्यात शिकलं कोण?

माझं शिक्षण डी.एड. इलेक्ट्रॉनिक्स मी शिकलेली नाही. तरी गेल्या वर्षी सातवीच्या दोन मुलांबरोबर पॅसिव्ह बँड-पास फिल्टर करायला बसले. नाव मोठं, काम चाळणीचं. एका चाळणीत मोठे खडे अडतात, दुसरीतून बारीक कणी गळते, मधले तांदूळ आपले. तसंच हा फिल्टर खर्जातले आणि फार चिरके आवाज कमी करतो, मधले जाऊ देतो. याला बॅटरी लागत नाही. म्हणूनच तो आवाज वाढवू शकत नाही.

आम्ही टेलिफोनच्या आवाजाचा पट्टा धरला, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. पहिल्या भागात ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे सीमा सुमारे ३४० हर्ट्झ. दुसऱ्या भागात १० किलोओहम आणि ०.००४७ मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ३४०० हर्ट्झ. सूत्र एकच : १ भागिले (२ × पाय × आर × सी). एककं नीट बदलून घेतली की बाकी गुणाकार-भागाकारच. मुलांनी कॅल्क्युलेटरवर केला.

मोबाइलवर गाणं लावलं, पुढे ८ ओहमचा छोटा स्पीकर जोडला. काहीच ऐकू येईना. "बाई, बिघडला!"

बिघडलं काहीच नव्हतं. १०,००० ओहमच्या पुढे ८ ओहम ठेवले, तर जवळजवळ सगळा व्होल्टेज रेझिस्टरवरच पडणार. अॅम्प्लिफायर असलेला स्पीकर जोडला आणि गाणं फोनवरून ऐकल्यासारखं वाजलं. मग एकाने विचारलं, "दुसरा रेझिस्टर दहापट मोठा का घेतला?" दुसऱ्याने सांगितलं, "पहिल्या भागावर भार पडू नये म्हणून." हे त्याला मी शिकवलं नव्हतं, गप्प बसलेल्या स्पीकरने शिकवलं.

तयार प्रकल्प पहिल्याच दिवशी चालतो, म्हणून हा प्रश्न तिथे पडतच नाही. परीक्षकांना माझी विनंती, सजावट पाहण्याआधी एकच विचारा : "तुझं काय चुकलं होतं?" आणि पालकांनो, थोडे सुटे भाग आणून द्या, पण जोडायला मुलालाच बसवा. चुकलं तर चुकू द्या.