गाडीचा विमा आहे. हौद्यात बसलेल्यांचा कुठंय?

नांदगावकर, एक सरळ प्रश्न. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांना कुलपं लागतात आणि भरलेले ट्रक, पिकअप नवापूरची हद्द ओलांडून बारडोली-मढीकडं ऊसतोडीला जातात. गाडीचा इन्शुरन्स असतो. मागं हौद्यात भांडीकुंडी, शेळ्या आणि ताडपत्रीबरोबर बसलेल्या माणसांचा असतो का?

बहुतेक वेळा नसतो. आणि हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

चौकात चर्चा भलतीच चालते. एमएच पासिंगची गाडी गुजरातमध्ये सहा महिने राहिली तर विमा चालतो का? चालतो बाबांनो. थर्ड पार्टी पॉलिसी देशभर चालते. दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली, तरच तिकडं नोंदणी करावी लागते. हंगाम संपला की आपल्या गाड्या परत येतातच. म्हणजे दोन राज्यांचा घोळ हा मुद्दाच नाही. मुद्दा हौद्यातल्या माणसांचा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १४७ काढून वाचा. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल तर त्याला संरक्षण आहे. पण मालवाहू गाडीतून ‘फुकट’ जाणारा प्रवासी त्यातून वगळलाय. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच आशा राणी खटल्यात सांगितलं, की अशा प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. पुढं २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यातच तसं लिहून टाकलं.

आता गंमत बघा. मजुरानं भाडं दिलं नाही, तर तो फुकट्या. भाडं दिलं, किंवा उचलीतून कापून घेतलं, तर मालवाहू गाडीतून भाड्यानं माणसं नेली म्हणून पॉलिसीचा शर्तभंग. कसंही करा, कंपनी हात वर करायला मोकळी. गाडीमालकाचाच पगारी कामगार असेल तर गोष्ट वेगळी. पण मजूर मुकादमाचा, मुकादम कारखान्याचा आणि गाडी तिसऱ्याचीच. जबाबदारी कुणाचीच नाही.

कुणी म्हणेल, कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावतं. काही निकालांत लावतं, खरंय. पण नंतर ती रक्कम कुणाकडून वसूल होते? गाडीमालकाकडून. तो कोण, तर हप्त्यावर पिकअप घेतलेला आपल्याच गावचा पोरगा. म्हणजे एका अपघातात दोन घरं बसतात.

त्याच गाडीचा मालक स्वतः चालवत असेल, तर त्याला १५ लाखांचं अपघात संरक्षण सक्तीचं आहे. मालाचाही विमा काढता येतो. त्या गाडीत विम्याच्या लेखी बेवारस कोण, तर मजुराची बायको आणि पोरं.

गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, पण पाण्याचा मोठा लाभ खाली जळगाव जिल्ह्याला. इथं पाणी असतं तर कोण कशाला कोयता घेऊन परमुलखात गेलं असतं? जाणं नशिबी आलंच आहे, तर निदान माणसासारखं नेऊन आणा.

‘बसचा खर्च कोण करणार?’ हा ठरलेला सवाल. उत्तर १९७९ पासून कागदावर आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं जाण्या-येण्याचं भाडं ठेकेदारावर टाकलं, आणि नव्या कामगार संहितेतही प्रवास भत्ता मालकानंच द्यायचा आहे. कारखाना एका हंगामात लाखो टन ऊस गाळतो. तोडणी-वाहतुकीच्या खर्चात दोन फेऱ्यांचं बसभाडं बसत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

१) माणसं बसनं, सामान ट्रकनं. लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी प्रासंगिक करारावर मिळते. मग मजुरांना का नको? परराज्याच्या परमिटचं बघायला आमदार-खासदार आहेत ना!

२) हद्दीवर दंडाची पावती फाडून तीच गाडी तशीच पुढं सोडू नका. पावतीनं माणूस वाचत नाही.

३) टोळी निघण्याआधी प्रत्येक मजुराचा अपघात विमा. हप्ता कारखान्याचा, कागद मजुराच्या हातात.

आणि वाईट घडलंच तर लक्षात ठेवा. अपघात गुजरातमध्ये झाला तरी भरपाईचा दावा तुम्ही राहता त्या नाशिक जिल्ह्यातही दाखल होतो. सुरतेला खेटे घालायची गरज नाही. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. हंगामही सहाच महिन्यांचा असतो. ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणाल, तर मुदत फडातच संपेल.

पुढच्या महिन्यात मतं मागायला नाही, पण मुकादम टोळ्या बांधायला नक्की येतील. त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा, उचल किती ते नंतर. पोस्ट तांड्यावरच्या प्रत्येक ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.