वायरमनचा हिशेब चुकता करण्याआधी

घरकुलाचं छत घालून झालं की झरीसारख्या गावात उरलेसुरले पैसे वायरिंगला येतात. मग घासाघीस होते आणि पहिली कात्री लागते ती अर्थिंगला. डहाणू-तलासरीतल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : रंग पुढच्या वर्षी लावा, पण अर्थिंग सोडू नका.

प्लगमधलं वरचं मोठं भोक आहे ना, त्याच्यामागे हिरवी वायर असायला हवी. फ्रिजच्या, मोटारीच्या किंवा इस्त्रीच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट तीच. वायरमनला मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि स्वतः बघा. कित्येक घरांत ही वायर नसतेच, किंवा असते पण दुसरं टोक कुठेच पोचलेलं नसतं. काही जण तर त्या भोकातून न्यूट्रललाच तुकडा जोडून मोकळे होतात. हे सगळ्यांत वाईट. एरवी काही कळत नाही, पण न्यूट्रल कुठे तुटला की चालू मोटारीच्या लोखंडी अंगावर थेट 230 व्होल्ट येतात.

अंगणात हातभर सळई ठोकली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. अडीच मीटरचा पाईप किंवा रॉड जमिनीत जायला हवा. उन्हाळ्यात तिथली माती सुकू देऊ नका, पाणी ओतत राहा.

दुसरी गोष्ट पत्र्याची. पडवीच्या पत्र्यावरून उघडी वायर नेऊ नका. वाऱ्यात पत्र्याची धार वायरचं आवरण कापते. मग सगळं छप्पर करंट धरतं आणि त्याला बांधलेली कपड्यांची तारही धरते. पावसाळ्यात ओले कपडे घेऊन घरातली बाई त्याच तारेला हात लावते. वायर पाईपमधूनच न्या. जॉइंट बोर्डात, स्क्रूखाली घट्ट हवा. मध्येच पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट तापतो आणि कुडाच्या भिंतीजवळ आग लावतो. नोव्हेंबर 2018 पासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के बसले. ज्या भिंतीला तडा गेला तिच्यातली वायरिंगही तपासून घ्या.

दिव्यांना दीड आणि मोठ्या प्लगला अडीच चौरस मिलिमीटरची, आयएसआय शिक्क्याची वायर मागा. बटण फेजवरच हवं. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी, करंट गळताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

बिनमजुरीची वेठ करणार नाही, असं याच झरीत 23 मे 1945 रोजी जमलेल्या वारल्यांनी ठरवलं. मेहनतीचं मोल या मातीला कुणी शिकवायला नको. वायरमनला त्याची पुरी मजुरी द्या, आणि कामही पुरं घ्या. वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक कंत्राटदाराची सही लागते. सही करणाऱ्याने घर पाहिलंय का, ते विचारा. शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा आणि 108 ला फोन करा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकडानेही जवळ जाऊ नका, माणसांना लांब ठेवा आणि महावितरणला 1912 वर कळवा.