खाडाखोडीची सही

शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला. पुढील वर्षी सुप्यास दंगा होऊन खते जाळली गेली. निरक्षर ऋणकोस खतातील मजकूर कळत नसे, हे त्यातले एक दुखणे. १८७९ च्या कायद्याने अशी खते ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिली जाऊ लागली. पुढे १९०८ च्या नोंदणी कायद्याने खाडाखोडीपाशी दस्त करून देणाराची सही नसल्यास दस्त नाकारण्याची मुभा निबंधकास दिली. जाणता वकील म्हणूनच चुकलेला शब्द खरवडीत नाही. वाचता येईल अशी एकच रेघ ओढतो. शिरुरास वा दौंडास वाटणीपत्र नोंदविणाऱ्या वाचकांनी एवढे पाहावेच: ‘विहीर’ या शब्दामागे ‘निम्मी’ मागाहून लिहिले असेल, तर तेथे सर्व भावांच्या सह्या आहेत ना?