दान नको, वाटा द्या!

टाकवे बुद्रुक आणि आंदर मावळातील जमीनमालक, कारखानदार, ठेकेदार बंधू-भगिनींनो,

कान्हे फाट्यापासून टाकव्यापर्यंत कारखाने आले, जमिनींना भाव आला. आता घरोघरी वाटण्या चालू आहेत. थोरल्याला रस्त्याकडेचा तुकडा, धाकट्याला गाळे, बहिणींची हक्कसोडपत्रावर सही. या वाटणीत गावाचा वाटा कुठे आहे? भाव चढला तो रस्त्यामुळे, आणि रस्ता सगळ्यांच्या पैशातून झाला. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयासाठी आम्ही वर्गणीची पावती फाडायला आलेलो नाही. आम्ही हिस्सा मागतो.

"पुढे बघू" म्हणणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाकडे बघावे. १८६४ साली शेअर बाजारातले प्रेमचंद रायचंद यांनी तिथल्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आई राजाबाईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापूस गडगडला आणि प्रेमचंदांचे वैभव कोसळले. ते वर्षभर थांबले असते तर काय देऊ शकले असते?

नुसती इच्छाही पुरत नाही. न्यूयॉर्कचे धनाढ्य वकील सॅम्युअल टिल्डन १८८६ साली वारले. मालमत्तेचा मोठा भाग त्यांनी मोफत वाचनालयासाठी ठेवला होता. पुतणे कोर्टात गेले, आणि मजकूर मोघम म्हणून १८९१ साली मृत्युपत्रातली ती तरतूद रद्द झाली. एका वारसदार बाईंनी तडजोड करून आपल्या वाट्यातला मोठा हिस्सा सोडला, म्हणून सुमारे वीस लाख डॉलर वाचले. त्यातूनच, आणखी दोन ग्रंथालये जोडून, १८९५ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी झाली. आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे किती वर्षे चालतात, हे वडगावच्या कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको.

तेव्हा हयातीतच करा. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था नोंदवा. जागा द्यायची तर नोंदणीकृत दानपत्र करा. मृत्युपत्रात स्वकष्टार्जित मालमत्तेतला हिस्सा लिहिताना संस्थेचे नाव आणि गट नंबर स्पष्ट घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि मुलामुलींना समोर बसवून वाचून दाखवा. दारावर आईवडिलांचे नाव खुशाल लावा. पण ग्रंथपालाचा पगार, वीजबिल आणि दरवर्षीची नवी पुस्तके यांसाठी ठेव हवीच. नाहीतर कपाटांना कुलूप लागते.

माऊ, वडेश्वर, खांडीच्या पोरींना एसटी येईपर्यंत बसायला, वाचायला हक्काची खोली हवी. पाळी सुटलेल्या कामगारालाही हवी. येत्या ग्रामसभेत आम्ही नाव घेऊन विचारणार आहोत: तुमचा वाटा किती?

— ग्रंथालयासाठी एकत्र आलेले ग्रामस्थ, टाकवे बुद्रुक