पाठदुखी अंगावर काढू नका

“दिवसभर ओझी उचलली, पाठ दुखणारच!” धुणीभांडी करणाऱ्या ताईला, हातगाडी ओढणाऱ्या भावाला, सफाई कामगाराला वस्तीत हेच ऐकायला मिळते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचे, दोन दिवस बरे वाटले की पुन्हा कामाला लागायचे. असे महिने जातात आणि एके दिवशी पायच उचलत नाही.

कष्टाची पाठदुखी बहुधा विश्रांतीने कमी होते. पण दुखणे तीन-चार आठवडे थांबत नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, घाम किंवा वजन घटणे असेल, तर मणक्याच्या टीबीची शंका घेतलीच पाहिजे. खोकला नसतानाही हा टीबी होतो. जंतू रक्तावाटे मणक्यात पोहोचतात, दोन मणक्यांमधील सांधा पोखरतात, तिथे पू साचतो. त्याचा दाब मज्जारज्जूवर पडला की पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा येतो. लघवी-संडासवरचा ताबा जातो. अशा वेळी एक दिवसही न घालवता मोठे सरकारी रुग्णालय गाठावे.

सुरुवातीला साधा एक्स-रे चांगला येऊ शकतो. म्हणून एमआरआय आणि पुवाची किंवा हाडाच्या तुकड्याची तपासणी लागते. सरकारी केंद्रात टीबीची औषधे मोफत मिळतात. या टीबीत ती साधारण १२ ते १८ महिने घ्यावी लागतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार काळात महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. वेळेत निदान झाले तर बहुतेकांना औषधांनीच गुण येतो, काहींना ऑपरेशन लागते.

उशीर झाला की सगळे रुग्णालाच बोल लावतात. हे आम्हाला मान्य नाही. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि एमआरआयची तारीख मिळते ती लांबची. म्हणून मागणी स्पष्ट हवी: लांबलेल्या पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णाला दवाखान्यात ताप आणि वजनाबद्दल विचारा, ज्याचे पाय बधिर होत आहेत त्याचा एमआरआय आधी करा.

आपणही एक करावे. महिला मंडळाने, तरुणांनी अशा रुग्णाला एकटे न पाठवता सोबत जावे, आणि औषधे पुरी होईपर्यंत दर महिन्याला त्याच्या घरी चौकशी करावी. टीबी झाला म्हणून कुणी तोंड लपवू नये. लाज बाळगली की उपचाराला उशीर होतो, आणि इथे उशिराची किंमत म्हणजे माणसाचे पाय.