मुधोळहून हैदराबाद : ब्रदर लोकांच्या शाळेतली चार वर्षं



मागच्या आठवड्यात निजामाबादहून भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलाला जूनमध्ये सातवीला हैदराबादला ठेवायचं चाललंय, तेही फक्त मुलांच्या कॅथलिक शाळेत. "मामा, तुम्ही चार वर्षं काढलीत ना तसल्या शाळेत? मग सांगा, घालू का नको?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करताना बरंच काही वर आलं, म्हणून इथंच लिहितो. आपल्यातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो.

आधी आमच्या गावाची अडचण सांगतो, कारण ती कळल्याशिवाय नानांनी मला हैदराबादला का धाडलं ते कळणार नाही. मुधोळ हा निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्याचा तालुका. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कलं आंध्रात राहिली आणि आदिलाबादला जोडली गेली. धर्माबादचे पाव्हणे महाराष्ट्रात, आम्ही आंध्रात. सोयरीक चालू, बाजारहाट चालू, फक्त सरकार वेगळं. (११ ऑक्टोबर २०१६ पासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहोत. तोंडात मात्र अजून आदिलाबादच येतं.)

माझी सहावी मराठी माध्यमात झाली. आपल्या जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा होत्या, त्यातलीच एक. पुढं सरळ मार्ग नांदेडचा होता. पण नानांच्या डोक्यात १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश बसला होता. सरकारी नोकरीत 'लोकल' कोण, तर मॅट्रिकपर्यंतची सलग चार वर्षं जो ज्या भागात शिकला तो तिथला. नांदेडला शिकलो तर आंध्रात परका, आणि महाराष्ट्रात राहायला घर नाही. म्हणून सातवी ते दहावी, मोजून चार वर्षं, आंध्रातच आणि तीही चांगल्या इंग्रजी शाळेत, असा हिशोब. हिशोब तसा बरोबरच होता, पण एक गोष्ट नजरेतून सुटली. हैदराबाद सहाव्या झोनमध्ये आणि आदिलाबाद पाचव्या. चार वर्षं तिथं शिकल्यानं मी हैदराबादचा लोकल झालो आणि माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात नॉन-लोकल! पुढं आदिलाबादच्या जागा निघाल्या तेव्हा फॉर्म भरताना हे कळलं. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

असो. १९७७ च्या जूनमध्ये बासरहून पॅसेंजर धरली. तेव्हा मीटर गेज. गाडी बासर सोडून गोदावरीच्या पुलावर आली की सगळे खिडकीतून पैसा टाकायचे, मीही टाकला. बासरलाच माझा अक्षराभ्यास झाला होता, पाटीवर तांदूळ पसरून. आमची आजी म्हणायची, "दारात सरस्वती असून लेकरू मेरीच्या पायाशी पाठवलं." ती हे शेवटपर्यंत म्हणाली.

राहायला काचीगुड्याला आत्याकडं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं दोन कडू गोष्टीही सांगायच्या आहेत. हैदराबादेत अशा शाळांना तोटा नव्हता. ऑल सेंट्स, सेंट पॉल्स, लिटल फ्लॉवर, सिकंदराबादला सेंट पॅट्रिक्स. ज्यांनी पाहिल्यात त्यांना वातावरण माहीत आहे.

आपल्या लोकांचा एक घोळ आधी मिटवतो. आमच्याकडं शिकवायला होते ते ब्रदर, फादर नव्हेत. फादर म्हणजे पाद्री, तो मिस्सा म्हणतो. ब्रदर मिस्सा म्हणत नाहीत. लग्न करायचं नाही, आपलं म्हणून काही ठेवायचं नाही आणि आयुष्यभर शिकवायचं, एवढं व्रत घेतलेली ती माणसं. पांढरा झगा, कमरेला पट्टा. आमचे एक ब्रदर रात्री नऊला मैदानावर एकटे फेऱ्या मारताना दिसत. तेव्हा त्यांची भीती वाटायची. आता वाटतं, त्या माणसाला घरून कोणाचं पत्र येत असेल का?

'पोरगं ख्रिश्चन होईल' ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. मी आपला अनुभव सांगतो. सकाळी असेंब्लीत प्रार्थना सगळे म्हणायचे. ती मला आजही पाठ आहे, आणि रामरक्षाही पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात जायची आणि आम्ही उरलेले मॉरल सायन्सला. आपल्या घटनेच्या २८ व्या कलमातही हेच आहे, की मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्माचं शिक्षण घ्यायला लावता येत नाही. आमच्या वर्गात तेलुगू, मुसलमान, मारवाडी, अँग्लो-इंडियन आणि आम्ही चौघं मराठी. शुक्रवारी मधली सुट्टी लांब असायची, नमाजाला जाणाऱ्या मुलांसाठी. त्या वर्षांत जुन्या शहरात मधूनमधून कर्फ्यू लागायचा. तेव्हा तिकडची मुलं आठ-आठ दिवस यायची नाहीत, आणि आली की ब्रदर त्यांच्या वह्या पूर्ण करून घ्यायचं काम आम्हाला लावायचे. माझा बाक एका शालीबंड्याच्या मुलाशेजारी. त्याच्या वहीत भूमितीच्या आकृत्या मी काढल्यात. चार वर्षांत एकानंही मला माझी जात विचारली नाही. गावी पंगतीत माझं पान कुठं मांडायचं हे आडनावावरून ठरायचं, तिथून मी आलो होतो. हे शाळेचं देणं मी विसरणार नाही, भाच्यालाही पहिलं हेच सांगितलं.

आता कडू. वर्गात इंग्रजी सोडून दुसरं बोललं की दहा पैसे दंड. आणि वेताची छडी. सातवीत मी चूक काय झाली हे समजण्याआधीच हात पुढं करायला शिकलो. 'त्यामुळंच आम्ही घडलो' असं माझे सोबती आता एकत्र जमलं की म्हणतात. मला ते पटत नाही. मी व्याकरण शिकलो ते इंग्रजीचे सर एकेक वाक्य फळ्यावर मोडून दाखवायचे म्हणून, छडीमुळं नव्हे. छडीमुळं मी फक्त गप्प बसायला शिकलो. कॉलेजात पहिलं वर्षभर शंका असूनही हात वर झाला नाही.

दुसरी गोष्ट, फक्त मुलांची शाळा. चार वर्षं वर्गात एक मुलगी नाही, शिकवायलाही फारशा बाई नाहीत. सुट्टीत गावी आलो की ज्या मामेबहिणींबरोबर लहानपणी चिंचा पाडल्या त्यांच्यासमोर मान खाली. पुढं नोकरीत बाई साहेब आल्या तेव्हा साधी रजा मागायला मला जीभ सापडेना. हसू येतं आता, पण तेव्हा येत नव्हतं. मुलांची वेगळी शाळा म्हणजे अभ्यासाकडं लक्ष राहतं, असं जे म्हणतात ना, त्यांनी त्या वर्गात मागच्या बाकावर एक दिवस बसून बघावं.

पण खरं दुखणं मराठीचं आहे, आणि त्यात शाळेला मी दोष देत नाही.

शाळेत भाषा म्हणून तेलुगू होती, हिंदी होती, उर्दू होती. मराठी नव्हती. लिपी तीच म्हणून मी हिंदी घेतली. नाना दर पंधरवड्याला इनलँड पाठवायचे, मी उत्तर लिहायचो. आठवीत असताना माझं एक पत्र त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं. पत्त्यात मी 'मुधोल' लिहिलं होतं. हिंदीत ळ नाही, तो माझ्या हातातून कधी गेला मला कळलंच नाही. आपल्या गावाचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं! लाज वाटली. पण लाजेचा परिणाम उलटा झाला. चुका नकोत म्हणून मी इंग्रजीत लिहायला लागलो. आणि नाना? नाना खूश झाले. पोरगं इंग्रजीत पत्र लिहितं म्हणून चावडीवर दाखवून आले. लाल शाई तेव्हापासून बंद.

आई मराठी तिसरी शिकलेली. मराठी पत्र ती स्वतः वाचायची, चुलीपाशी बसून, दोनदा-तीनदा. इंग्रजी पत्र नाना वाचून अर्थ सांगायचे, आणि नानांना जेवढं महत्त्वाचं वाटे तेवढंच. मार्क किती पडले, पैसे किती लागतील. मी एका पत्रात लिहिलं होतं की आत्याकडच्या वरणाला तुझ्या वरणाची चव नाही. ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. नाना गेल्यावर ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडला तेव्हा तिनं मला विचारलं, "यात काय लिवलं होतंस रे?" तेव्हा मी बसून एकेक वाचून दाखवलं. माझं वय तेव्हा एकेचाळीस.

सांगा, यात ब्रदरांचा काय दोष? रविवारी दुपारी मराठीत दोन ओळी लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. आत्याच्या घरापासून मराठी ग्रंथसंग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर. मी चार वर्षांत तिथं दोनदा गेलो, तेही आत्याचं पुस्तक बदलायला. शाळेनं मला दिवसाचे सात तास इंग्रजी दिली. उरलेले तास आमचे होते, ते आम्हीच दिले. आपल्याकडं कॉन्व्हेंटनं मराठी मारली असं म्हणायची पद्धत पडली आहे. माझ्या घरापुरतं तरी ते खोटं आहे.

भाच्याला मी हो म्हटलं. घाल. मात्र एकत्र शिक्षणाची शाळा मिळत असेल तर ती आधी बघ, आणि छडी अजून चालते का ते मुलांना विचार, हेडमास्तरांना नको. मराठीचं म्हणशील तर शाळेकडून आशा ठेवू नकोस. २०१८ च्या कायद्यानं आता तेलंगणात तेलुगू सगळ्या शाळांत सक्तीची, आणि ते योग्यच आहे, या मातीत राहायचं तर तेलुगू यायलाच हवी. तेलुगू, इंग्रजी, हिंदी झाल्यावर वेळापत्रकात मराठीला जागा कुठली? तेव्हा पोरानं दर रविवारी आजीला मराठीत लिहायचं, कागदावर, ळ सकट. आणि उत्तर आजीनंच लिहायचं, तू नाही.

भाचा हसला. "मामा, आता रोज व्हिडिओ कॉल असतो की." मी म्हटलं, असू दे. परवा त्याच्या मुलाला बारा आंतरदेशीय पत्रं आणि एक लाल पेन पाठवलंय. पेन आजीसाठी आहे.

आपल्यापैकी १९७७ ते ८१ च्या आगेमागे मुधोळ, भैंसा, धर्माबादकडून हैदराबादला शिकायला कोण-कोण होतं? घरी पत्र कोणत्या भाषेत लिहायचात, तेवढं जरूर लिहा.