कळपातली अज्ञात घट

आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गळीत हंगामात रोज साखरेचा हिशेब मांडला जातो. उसात साखर किती होती, पोत्यात किती पडली, बगॅसमधून किती गेली, प्रेसमडमध्ये किती राहिली, मळीत किती उतरली. इतकं करूनही थोडी साखर कुठंच सापडत नाही. तिला 'अज्ञात घट' म्हणतात. हा आकडा दशांश चिन्हापुढं जरा हलला तरी चीफ केमिस्टला कारण द्यावं लागतं आणि वार्षिक सभेत मागच्या रांगेतला सभासदही उठून विचारतो, 'आमची साखर गेली कुठं?' विचारायलाच पाहिजे. मालक आहोत आपण.

ज्या बैलांवर आपल्या वाडवडिलांनी मोटा हाकल्या, ऊस गव्हाणीपर्यंत आणला, त्या बैलांच्या आयांचा असा हिशेब कुणी मांडतं का? यंदा घाटाखाली मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात फिरताना हा प्रश्न आमच्या मनात आला आणि तो सभासदांपुढं ठेवावा असं वाटलं.

पौष पौर्णिमेला माळशेज उतरून म्हसा यात्रेत बैल पाहायला जायची आपल्याकडची रीत जुनी. तिथं आपण दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. बैलाची आई आज कुठं आहे, हे कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैल घेणारे कमी झाले हे खरं, पण चिखलणीला आणि चढाच्या वावराला अजून डांगी बैलासारखा बैल नाही. काळा टणक खूर, ठिपक्यांचं अंग आणि कातडीतून सुटणारा तेलकट अंश, त्यामुळं कोकणच्या धारेत उभं राहिलं तरी हे जनावर डगमगत नाही. अकोले-इगतपुरीपासून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत हीच जात. राजूरच्या प्रदर्शनात तिला फेटे बांधून मिरवतात. डोंगरातली तिची आई मात्र मोकाटच.

टोकावड्याच्या पुढं एका वाडीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही विचारलं, "बाबा, वर्षाला गाया किती मरतात?" ते म्हणाले, "मरतं यकांदं दुसरं. डोंगर हाय, वाघरू हाय." एवढ्यात आजी आतून बाहेर आल्या आणि बोटं मोडत नावंच घेऊ लागल्या. कपिली कड्यावरून घसरली. चांदी मिरगाच्या पहिल्या पावसात बसली ती उठलीच नाही. मोरी वेताला अडली. पवळी चरायला गेली ती आलीच नाही. बाबा गप्प झाले. ही सगळी नावं एकाच सालातली होती. बाबा खोटं बोलत नव्हते. अंदाज हा असाच असतो. मेलेलं जनावर माणूस विसरायला पाहतो.

सरकार काय मोजतं? दर पाच वर्षांनी पशुगणना होते. २०१९ च्या गणनेत देशातला देशी गोवंश २०१२ पेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी भरला. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात फिरत्या पशुपालकांचीही माहिती प्रथमच घेण्याचं ठरलं, ही चांगली गोष्ट आहे. पण गणना जिवंतांची होते. कमी झाली ती विकली म्हणून, जन्मलीच नाहीत म्हणून, की मेली म्हणून, हे तिच्यातून कळत नाही. कानात बारा आकडी बिल्ला आला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. त्या नंबरावर मृत्यूची नोंद करायची सोयही आहे. पण डोंगरात गाय पडली तर बिल्ल्यासाठी दवाखान्यापर्यंत पायपीट कोण करणार? कागदावर ती गाय जिवंतच राहते.

मृत्यू मोजता येत नाहीत असं मात्र नाही. २०२२ साली लंपी आला तेव्हा राज्य सरकारनं गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली. मग पंचनामे झाले, फोटो निघाले, याद्या झाल्या. ज्या मरणाला पैसे होते ते मोजलं गेलं. भुकेनं मेलेल्या गाईचा पंचनामा कोण करणार?

हिशेब अवघड नाही, आपल्या ऊसनोंदीपेक्षा सोपाच आहे. समजा, गेल्या वसुबारसेला कळपात व्यायलेल्या आणि गाभण धरून २२ गाई होत्या. वर्षात ४ कालवडी कळपात आल्या, एक गाय विकत घेतली, तीन विकल्या. म्हणजे या वसुबारसेला २४ पाहिजेत. मोजल्या तर २० भरल्या. चार गेल्या, शेकडा अठरा. कुठं गेल्या ते आठवो न आठवो, गेल्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या अफाट कुरणांवर गाई वर्षाकाठी एकदोनदाच गोळा करतात. तिथंही मेलेली गाय दिसत नाही, म्हणून असाच जमाखर्च घालून मृत्यू काढतात. मालकाच्या तोंडच्या अंदाजापेक्षा वहीतला आकडा जास्त निघतो, असा त्यांचा अनुभव. म्हणजे आपले बाबा एकटे नाहीत.

आता या चार गाईंचं मोल पाहा. वीस गाईंचा कळप दीड वर्षाला एक वेत धरला तर वर्षाला तेरा वासरं देतो. त्यातल्या सहा कालवडी. दोन वाटेत गेल्या तर चार कळपात आल्या. वर्षाला एकच गाय मेली तर तीन शिल्लक. विका किंवा वाढवा. चार मेल्या तर घरात काहीच आलं नाही, वर्षभर राखोळी फुकट. पाच मेल्या की कळप उताराला लागला. ऊस तुटला तर बुडखा राहतो, खोडवा येतो. गाभण गाय गेली तर पोटातलं वासरू गेलं, अंगावरचं असेल तर तेही खंगलं. तिथं खोडवा नाही.

गाई मरतात कशानं? घटसर्प, फऱ्या, गोचीडताप, सर्पदंश, बिबट्या हे सगळं आहेच. पावसाळ्यापूर्वीची लस चुकवू नये हे आम्ही वेगळं सांगत नाही. पण आजींच्या नावांकडे पुन्हा पाहिलं तर महिने सापडतात. श्रावण-भाद्रपदात गवत मातलेलं असतं, तेव्हा गाय फळते. नऊ महिन्यांवर दिवस मोजले तर वेत येतं वैशाख-ज्येष्ठात. निसर्गानं बेत बरा केला, व्याल्यावर हिरवं मिळावं म्हणून. पण पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं त्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत डोंगर जळालेला असतो, ओढे आटलेले असतात. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं शहापूरच्या अंगाखांद्यावर आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर. अशी गाय हाडं चघळताना दिसली तर ती खोड समजू नका, अंगात फॉस्फरस कमी पडल्याची ती खूण आहे. मग मिरगाचा पाऊस येतो, रात्रभर भिजते, आणि आधीच उताराला लागलेली गाय बसते. लोक म्हणतात पावसानं मारली. आम्ही म्हणतो, पावसानं फक्त शेवटचा धक्का दिला. मारलं होळीपासूनच्या उपाशीपणानं.

गवत नव्हतं का? होतं. दिवाळीनंतर कापून व्यापाऱ्याला दिलं. मुंबईच्या तबेल्यांना या भागातलं गवत पुरवणं हा जुना धंदा आहे. भाताचा पेंढा बैलाला आणि दुभत्या म्हशीला. गाय दूध बेताचं देते म्हणून तिला मोकळं सोडायचं. यात त्या शेतकऱ्याला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. गवताचे पैसे हातात पडतात, गाईचे पुढं कधीतरी.

म्हणून मोजणी वर्षातून एकदा नको. वसुबारसेला मोजा, होळीला मोजा, नारळी पौर्णिमेला मोजा. होळी ते नारळी पौर्णिमा या मधल्या दिवसांतच वही बोलेल. होळीलाच ज्या गाईच्या बरगड्या मोजता येतात, म्हाताऱ्या आणि शेवटच्या महिन्यांतल्या गाभण, तेवढ्याच वेगळ्या काढा. सगळ्या कळपाला चारायला कुणाची ऐपत नाही. सहा महिन्यांचं वासरू तोडा, म्हणजे आईचं अंग भरेल. भिजू नये म्हणून चार मेढींवर पेंढ्याचं छप्पर पुरतं.

आणि इथं आपला संबंध येतो. हंगामात आपल्या फडांतून वाढे किती निघतात ते पाहा. काही बैलांना जातात, काही विकले जातात, आणि पुष्कळ पाचटाबरोबर पेटवले जातात. वाढे कुट्टी करून खड्ड्यात दाबले तर मुरघास होतो आणि चैत्र-वैशाखापर्यंत टिकतो. नुसत्या वाढ्यांवर जनावर खंगतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून सोबत खनिज मिश्रण आणि थोडी मळी हवी. युरिया घालायचा तर डॉक्टरला विचारूनच, हात सैल सुटला तर विषबाधा होते. गळीत संपल्यावर ऊसवाहतुकीचे ट्रक उभेच असतात. टोकावडे, किन्हवली, डोळखांब या बाजूला प्रत्येकी एकदोन खेपा, ज्यांच्याकडे वसुबारस-होळीची वही आहे त्यांनाच, ठरलेल्या किमतीत. वही नाही त्याला मुरघास नाही, एवढी अट मात्र आम्ही सोडणार नाही.

काही संचालक म्हणतील, घाटाखालच्या गाईंशी सभासदांचा काय संबंध. भाडं कोणत्या खात्यात दाखवायचं? प्रश्न रास्त आहे. एका खेपेला डिझेल किती, कुट्टीची मजुरी किती, गटऑफिसनिहाय किती टन वाढे वाया जातात, याचा कच्चा तक्ता आम्ही शेतकी खात्याकडे मागितला आहे. तो हाती आला की वार्षिक सभेच्या आधी लेखी प्रश्न म्हणून देऊ. ज्या सभासदांना आपल्या फडातले वाढे द्यायचे आहेत त्यांनी ऊसतोडीच्या स्लिपबरोबरच आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नाव सांगून ठेवावं.